अडत दुकानाची पट्टी, पास्कलचे जेनेरिक तक्ते आणि एका रुपयाचा फरक

लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचा सगळा हिशोब कित्येक वर्षं टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामवर चालत होता. माल उतरला, सौदा झाला, काटा झाला की मुनीमजी नाव, गाव, वजन, भाव टाकायचे आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून शेतकऱ्याची पट्टी निघायची. मग दुकानात ६४ बिटी विंडोजचा नवा कॉम्प्युटर आला आणि प्रोग्राम उघडेनासा झाला, कारण त्या विंडोजवर १६ बिटी डॉस प्रोग्राम चालतच नाहीत. डॉसबॉक्स हे जुने डॉस प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर टाकून तात्पुरतं भागवलं. पण मालकांना आता महिनावार आणि मालवार बेरजाही हव्या होत्या, आणि जुन्या प्रोग्रामात त्यांना जागा नव्हती. काम माझ्याकडे आलं. दसऱ्याच्या पुढेमागे नव्या सोयाबीनची आवक सुरू होते, त्याच्या आत सगळं उभं राहायला हवं होतं.

सोर्स कोड शाबूत होता, ही फार मोठी गोष्ट. हमाली, तोलाई, ओलावा जास्त असेल तर वजनातली घट, शेवटी पट्टी रुपयावर कशी आणायची, हे सगळे नियम त्या कोडमध्येच होते. कागदावर कुठेच नव्हते. दुसऱ्या भाषेत नव्याने लिहायला घेतलं असतं तर हे नियम एकेक करून पुन्हा शोधावे लागले असते, आणि ते शोधताना चूक झाली तर ती थेट शेतकऱ्याच्या पट्टीवर दिसली असती. म्हणून पास्कल सोडायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. निकलाउस विर्थ यांची ही भाषा १९७० सालची, बोरलँडचं टर्बो पास्कल १९८३ चं, आणि फ्लोरियन क्लेम्फल यांनी फ्री पास्कल या कंपायलरचं, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामचं, काम सुरू केलं ते १९९३ मध्ये. एवढ्या काळातल्या तिन्ही टप्प्यांचा कोड आजचा फ्री पास्कल कंपायलर वाचतो. टर्बो पास्कलसाठी त्यात वेगळा मोडच आहे.

कोड उघडला तर सगळ्यात वर एक अ‍ॅरे होता, म्हणजे ओळीने क्रमांक दिलेले खाने, १ ते ९००. मुनीमजींना तो आकडा तोंडपाठ होता. "सर, नऊशे पट्ट्या झाल्या की नवी वही उघडा म्हणायचा तो. हंगामात चार-चार वह्या व्हायच्या आमच्या." हे ९०० आलं कुठून, याचा हिशोब मी मांडून पाहिला. एका पट्टीचं रेकॉर्ड, म्हणजे एकत्र ठेवलेली नोंद, असं होतं: २५ अक्षरांचं नाव, म्हणजे लांबीच्या बाइटसह २६ बाइट, २० अक्षरांचं गाव, २१ बाइट, दिवस-महिना-वर्षाचे तीन इंटिजर, म्हणजे पूर्णांक, ६ बाइट, मालाचा कोड १ बाइट, वजन, भाव आणि रक्कम हे तीन रिअल, म्हणजे अपूर्णांक, प्रत्येकी ६ प्रमाणे १८ बाइट. एकूण ७२. टर्बो पास्कलमध्ये एका व्हेरिएबलला जास्तीत जास्त ६५,५२० बाइट मिळायचे. त्याला ७२ ने भागलं की ९१० येतात. लिहिणाऱ्याने थोडी जागा राखून ९०० धरले होते. त्याला मशीन पुरतं माहीत होतं, आणि त्याचा कोड वाचताना हे पानोपानी जाणवत राहिलं.

आता हाच ७२ चा आकडा माझी पहिली परीक्षा ठरला. जुन्या फाइली वाचायच्या तर नव्या कंपायलरमध्येही रेकॉर्ड बरोबर ७२ बाइटचं भरायला हवं. तेच रेकॉर्ड ऑब्जेक्ट पास्कल मोडमध्ये, पॅक्ड लिहून, साइझऑफने त्याचे बाइट विचारले तर उत्तर आलं ८४. फरक कुठला ते लगेच दिसतं: या मोडमध्ये इंटिजर ४ बाइटचा असतो आणि रिअल ८ बाइटचा. इंटिजरच्या जागी दोन बाइटी स्मॉलइंट घातला. टर्बो पास्कलचा सहा बाइटी रिअल फ्री पास्कलच्या सिस्टिम युनिटमध्ये (युनिट म्हणजे कोडची वेगळी फाइल) रिअल४८ या नावाने अजून आहे, सहा बाइटांचा साधा अ‍ॅरे म्हणून, आणि त्याचा डबल, म्हणजे ८ बाइटी अपूर्णांक, करून देणारं फंक्शनही सोबत आहे. तो घातला. साइझऑफ ७२ झालं, प्रत्येक जुन्या फाइलच्या आकाराला ७२ ने पूर्ण भाग गेला, आणि स्क्रीनवर औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर अशी गावं नीट उमटली. पॅक्ड हा शब्द इथे विसरून चालत नाही. तो नसेल तर कंपायलर फील्डच्या मधे रिकाम्या जागा सोडू शकतो आणि मग नावाचं शेपूट गावात जाऊन बसतं.

वाचलेलं सगळं मी लांबी चालताना ठरवता येणाऱ्या, म्हणजे डायनॅमिक अ‍ॅरेत घेतलं. फाइलमध्ये किती रेकॉर्ड आहेत ते विचारायचं, सेटलेंग्थने तेवढी लांबी द्यायची आणि भरायचं. ९०० ची भिंत तिथेच संपली. पण डायनॅमिक अ‍ॅरे वापरणाऱ्याने एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवावी, म्हणून इथे सविस्तर सांगतो. ठरावीक लांबीचा अ‍ॅरे दुसऱ्याला, समजा अ हा ब ला, दिला की त्याची खरी नक्कल होते. डायनॅमिक अ‍ॅरे दिला तर नक्कल होत नाही, दोन्ही नावं एकाच साठ्याकडे बोट दाखवतात. स्ट्रिंगचंही, म्हणजे अक्षरांच्या मजकुराचंही, असंच चालतं, पण स्ट्रिंगमध्ये लिहायला गेलात की कंपायलर आपणहून वेगळी प्रत काढतो. अ‍ॅरेच्या बाबतीत तसं होत नाही. ब मधली पहिली पट्टी बदलली की अ मधलीही बदलते. मला मूळ फाइल आणि नव्याने मोजलेली फाइल शेजारी शेजारी ठेवून ताडायची होती. तिथे साधी नेमणूक केली असती तर दोन्ही बाजू कायम जुळल्याच असत्या, आणि सगळं बरोबर आहे असा दाखला एका खोट्या तपासणीने दिला असता. म्हणून कॉपी फंक्शन वापरायचं. तेही फक्त पहिल्या थराची प्रत काढतं. अ‍ॅरेच्या आत आणखी डायनॅमिक अ‍ॅरे असतील तर ते सामायिकच राहतात. माझ्या रेकॉर्डमध्ये सगळे ठरावीक लांबीचे प्रकार होते, त्यामुळे एक कॉपी पुरली.

इथपर्यंतचं काम फ्री पास्कलच्या ३.२.२ वर, म्हणजे मे २०२१ च्या आवृत्तीवर सुखाने झालं. पुढचा प्रश्न बेरजांचा होता.

जुन्या कोडमध्ये महिन्याच्या बेरजेसाठी एक, दिवसाच्या बेरजेसाठी दुसरी आणि वजनासाठी तिसरी अशा प्रोसिजर होत्या. तिन्ही अक्षरशः सारख्या, फक्त अ‍ॅरेची लांबी आणि आतला प्रकार वेगळा. एकीत दुरुस्ती केली की उरलेल्या दोन्हींत करावी लागे. जेनेरिक प्रकार याच्यासाठीच असतात. आतला प्रकार मोकळा ठेवून एकदाच लिहायचं आणि मग पाहिजे तो प्रकार घालून त्याचा नेमका अवतार काढायचा. फ्री पास्कलमध्ये जेनेरिक क्लास २.२ पासून आहेत, आणि ३.२ पासून सुटी फंक्शनंही जेनेरिक लिहिता येतात. मला मात्र प्रकाराबरोबर लांबीही मोकळी ठेवायची होती, म्हणजे बारा महिन्यांचा तक्ता आणि एकतीस दिवसांचा तक्ता एकाच साच्यातून निघाला पाहिजे आणि तरीही दोघांची सरमिसळ होता कामा नये. जेनेरिकला प्रकारासोबत स्थिर संख्याही देण्याची ही सोय ३.२.२ मध्ये नाही, विकासातल्या आवृत्तीत आहे. तिचा क्रमांक ३.३.१. मधला आकडा विषम असला की ती चालू कामाची आवृत्ती समजायची, असा या प्रकल्पाचा रिवाज आहे.

धंद्याच्या कामाला विकासातली आवृत्ती वापरावी का, यावर मी बराच विचार केला. ही आवृत्ती आज एक आणि उद्या दुसरी असते. त्यात नवं येतं तसं जुनं हलूही शकतं. शेवटी दोन अटी घालून घेतल्या. पहिली, सोर्सचे बदल नोंदवणाऱ्या गिटमधला एक कमिट, म्हणजे एका क्षणाची नोंद, पक्का धरायचा आणि हंगाम संपेपर्यंत तो बदलायचा नाही. दुसरी, ३.२.२ त्याच मशीनवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि फाइल वाचणं, पट्टी मोजणं, छापणं हा गाभा दोन्ही कंपायलरवर चाललाच पाहिजे. नव्या आवृत्तीचं लाड फक्त तक्त्यांच्या एका युनिटपुरतं.

सोर्स गिटलॅबवरून उतरवला आणि मेक ही बांधणीची आज्ञा चालवली. फ्री पास्कल स्वतः पास्कलमध्येच लिहिलेला आहे, त्यामुळे तो बांधायला आधीचा एक फ्री पास्कल लागतो. सुरुवात ३.२.२ ने होते. त्याने नवा कंपायलर बांधायचा, त्या नव्याने स्वतःला पुन्हा बांधायचं, त्या दुसऱ्याने तिसरा बांधायचा, आणि शेवटचे दोन तंतोतंत सारखे निघतात का ते पाहायचं. आपण बांधलेला कंपायलर स्वतःला जसाच्या तसा पुन्हा घडवू शकतो, ही तपासणी मला फार आवडते. ती पार पडल्याशिवाय पुढे जाऊ नये. बांधून झाल्यावर सगळी जुनी कंपाइल झालेली युनिटं, म्हणजे पीपीयू फाइली, काढून टाकायच्या. ३.२.२ ने केलेल्या पीपीयू ३.३.१ वाचत नाही, आणि त्या वाटेत पडून राहिल्या तर युनिट समोर असूनही सापडत नाही असा निरोप येतो. दोन्ही आवृत्त्यांची आउटपुट फोल्डरं वेगळी ठेवली की हा त्रास उरत नाही. लॅझरस हे फ्री पास्कलवरचं प्रोग्राम लिहिण्याचं साधन वापरणाऱ्यांना लॅझरसही नव्या कंपायलरने पुन्हा बांधावं लागतं, कारण तेच.

आता तक्ता. पास्कलमध्ये नावं रोमन अक्षरांतच लिहावी लागतात, इथे उच्चाराप्रमाणे देतो. जेनेरिक या शब्दाने सुरुवात, मग टीतक्ता हे नाव, पुढे कोनी कंसात दोन गोष्टी: टी, आणि अर्धविरामानंतर कॉन्स्ट एन, प्रकार इंटिजर. उजवीकडे रेकॉर्ड, त्यात एकच फील्ड: १ ते एन लांबीचा टी चा अ‍ॅरे. त्याखाली तीन मेथड, म्हणजे रेकॉर्डची स्वतःची फंक्शनं: एका खान्यात रक्कम मिळवणारी, सगळ्यांची बेरीज देणारी, आणि दुसऱ्या तक्त्याशी ताडून पहिला न जुळणारा खाना सांगणारी. सगळे जुळले तर ती शून्य देते. खाने १ पासून असल्यामुळे शून्याचा दुसरा अर्थ लागू शकत नाही. रेकॉर्डमध्ये मेथड लिहायला अ‍ॅडव्हान्स्ड रेकॉर्ड्स हा मोडस्विच लावावा लागतो.

मग अवतार काढले. रकमेचा महिनातक्ता म्हणजे करन्सी आणि १२. रकमेचा दिवसतक्ता म्हणजे करन्सी आणि ३१. वजनाचे दोन्ही इंट६४ या ६४ बिटी पूर्णांकावर. करन्सी हा पास्कलमधला पैशांसाठीचा प्रकार. आतून तो ६४ बिटी पूर्णांकच असतो, चार दशांश धरून, त्यामुळे बेरजेत पैसे घरंगळत नाहीत. वजन मी किलोमध्ये पूर्णांक धरलं. क्विंटलचे दोन दशांश म्हणजे किलोच, मग अपूर्णांक बाळगायचा कशाला? साइझऑफ विचारलं: १२ चा तक्ता ९६ बाइट, ३१ चा २४८. प्रत्येक खान्याला ८, बरोबर. मग मुद्दाम दिवसतक्ता महिनातक्त्यात घालून पाहिला. कंपायलरने तिथल्या तिथे अडवलं. वजनाचा बाराचा तक्ता रकमेच्या बाराच्या तक्त्यात घातला, तोही अडवला. जुन्या कोडमध्ये ही काळजी लिहिणाऱ्याच्या डोक्यात होती. इथे ती प्रकारात आली, आणि विकासातली आवृत्ती घेण्याचं सगळं कारण हेच होतं.

फ्री पास्कलचे जेनेरिक आतून कसे चालतात ते कळलं की पुढचे बरेच निरोप समजायला लागतात. जेनेरिकचा मजकूर कंपायलर एकदा वाचतो, पण त्याचा मशीन कोड न करता शब्दन् शब्द टोकनांच्या रूपात पीपीयूमध्ये साठवतो. स्पेशलाइझ, म्हणजे अवतार काढ, म्हटलं की ती टोकनं नव्या प्रकारासह पुन्हा पहिल्यापासून वाचली जातात. याचे दोन परिणाम. एक चांगला: टी च्या दोन किमतींमध्ये अधिक किंवा वजा लिहिलं तर जेनेरिक लिहिताना तक्रार होत नाही. तो प्रकार बेरीज करू शकतो की नाही हे अवतार काढताना ठरतं. डेल्फी या दुसऱ्या पास्कल कंपायलरमध्ये हेच लिहायला गेलात तर कंपायलर मान्य करत नाही. बेरजेच्या तक्त्यासाठी ही मोकळीक फार मोलाची आहे. दुसरा परिणाम असा की चूक दिसते ती अवतार काढला त्या ओळीच्या निमित्ताने, तिचं मूळ मात्र जेनेरिकच्या आत असतं. म्हणून मी जेनेरिक लिहिल्याबरोबर त्याच्याखाली एक छोटा चाचणी प्रोग्राम ठेवतो आणि दोन प्रकारांवर लगेच अवतार काढून बघतो.

आणखी एक निरोप बऱ्याच जणांना गोंधळात टाकतो. ग्लोबल जेनेरिक टेम्प्लेट रेफरन्सेस स्टॅटिक सिमटेबल, असं काहीसं तो म्हणतो. युनिटच्या इंटरफेस, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या, भागात जेनेरिक लिहिलंय आणि त्याच्या मेथडमध्ये इम्प्लिमेंटेशन भागातलं एखादं खासगी फंक्शन वापरलंय, तर हा येतो. टोकनं उद्या दुसऱ्या युनिटमध्ये वाचली जाणार आहेत, तिथून हे खासगी फंक्शन दिसणार नाही, असा त्याचा अर्थ. ते फंक्शन इंटरफेसमध्ये आणायचं किंवा रेकॉर्डचीच मेथड करायची. रुपयावर आणायचं फंक्शन मी याच कारणाने इंटरफेसमध्ये ठेवलं.

लोकल तक्त्यांबद्दलही सांगायला हवं. प्रोसिजरच्या आत जाहीर केलेला ठरावीक लांबीचा अ‍ॅरे कंपायलर शून्याने भरून देत नाही. त्यात आधीचं काहीही असू शकतं. सेटलेंग्थने वाढवलेले डायनॅमिक अ‍ॅरेचे नवे खाने मात्र शून्य असतात. एका सवयीत वावरलेला माणूस दुसरीकडे गेला की इथे फसतो. डिफॉल्ट हे अंगभूत फंक्शन कुठल्याही प्रकाराला, जेनेरिकच्या आतल्या टी लासुद्धा, कोरी किंमत देतं. प्रत्येक तक्ता वापरण्याआधी ती ओळ आलीच पाहिजे.

तयारी झाली. मागच्या वर्षीच्या सगळ्या वह्या वाचल्या. एका बाजूला जुन्या प्रोग्रामने पट्टीवर छापलेल्या रकमा, दुसऱ्या बाजूला मी नव्याने मोजलेल्या. दोन्हींचे महिनातक्ते भरले, एप्रिलचा खाना पहिला, मार्चचा बारावा, आणि ताडायची मेथड बोलावली. वजनाचे तक्ते सगळे जुळले. रकमेच्या तक्त्यात सातवा खाना अडला, म्हणजे ऑक्टोबर. तीच मेथड, आता ३१ च्या तक्त्यावर, फक्त ऑक्टोबरसाठी: दिवस सापडला. त्या दिवसाच्या पट्ट्या एकेक पाहिल्या. एका पट्टीत नेमका एक रुपयाचा फरक.

अडीच क्विंटल सोयाबीन, भाव ४,५०१. रक्कम ११,२५२ रुपये ५० पैसे. जुन्या पट्टीवर ११,२५३. माझ्याकडे ११,२५२. लगेच वाटलं, अर्धा रुपया कुणी तरी खाली ढकलतोय. पण साडेतीन क्विंटलची, त्याच भावाची दुसरी पट्टी शेजारीच होती: १५,७५३ रुपये ५० पैसे, आणि ती दोन्हीकडे १५,७५४ झाली होती. एकदा खाली, एकदा वर. हे पाहिल्यावर उलगडा झाला. टर्बो पास्कलचं राउंड फंक्शन बरोबर अर्धं आलं की मोठ्या आकड्याकडे जायचं. फ्री पास्कलचं राउंड जवळच्या सम संख्येकडे जातं. ११,२५२ सम आहे म्हणून तिथेच थांबलं. १५,७५३ विषम आहे म्हणून १५,७५४ ला गेलं. आकडेशास्त्राच्या दृष्टीने सम संख्येची रीत चांगली, मोठ्या बेरजेत ती कुणा एका बाजूला झुकत नाही. पण यार्डात रीत कोणती, हे कंपायलरने ठरवायचं नसतं.

मुनीमजी शेजारी बसून पाहत होते. "सर, रुपयासाठी एवढं काय करलालाव?" असं त्यांनी विचारलं खरं, पण दोन पट्ट्या समोर ठेवल्यावर त्यांचा सूर बदलला. "शेतकऱ्याच्या हातातल्या पट्टीवर जे छापलंय तेच खरं. अर्ध्याचा पुरा रुपया त्यालाच जातो, शेठजींच्या वडिलांपासूनची रीत आहे." त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. हा रुपया दुकानाच्या दृष्टीने काहीच नाही, पण अडीच क्विंटल घेऊन आलेल्या माणसाला त्याची मोजणी दरवर्षी सारखीच दिसली पाहिजे. राउंड काढून टाकलं. रक्कम पूर्णांकात, पैशांमध्ये घेतली, त्यात ५० पैसे मिळवून १०० ने पूर्ण भाग दिला. त्यात डबल नाही की फ्लोटिंग पॉइंटची शंका नाही. पुन्हा सगळे तक्ते ताडले. बारा महिने, शून्य.

हे शोधायला एकच मेथड वर्षापासून पट्टीपर्यंत उपयोगी पडली, हे मला नोंदवावंसं वाटतं. ती तीन वेळा वेगवेगळी लिहिली असती तर निकालावर माझा एवढा विश्वास बसला नसता.

बेरजा छापताना एक बारीक वळण लागतं. छापणारं फंक्शन मी साध्या मोकळ्या अ‍ॅरेवर लिहिलं, म्हणजे त्याला १२ चाही चालतो, ३१ चाही, डायनॅमिकही. पण अ‍ॅरे अशा पॅरामीटरमधून आत गेला की आतलं मोजणं शून्यापासून होतं, बाहेर तो १ पासून असला तरी. महिन्यांची नावं लावताना हे सांभाळावं लागतं, नाहीतर एका महिन्याची रक्कम दुसऱ्याच महिन्यावर छापली जाते.

पट्ट्यांची यादी कशात ठेवायची, यावरही थोडा वेळ गेला. फ्री पास्कलसोबत दोन जेनेरिक याद्या येतात: एफजीएल युनिटमधली, आणि ३.२ पासून डेल्फीसारखी जेनेरिक्स कलेक्शन्स. एफजीएलच्या यादीत रेकॉर्ड घालायचं तर त्या रेकॉर्डला बरोबरीचं ऑपरेटर लिहून द्यावं लागतं. अवतार काढताना यादीच्या आतली तुलना अडते, कारण रेकॉर्ड आपोआप तुलना करता येत नाहीत. ते लिहून देता येतं. पण दोन्ही याद्यांत खरी अडचण पुढची आहे. यादीतल्या पाचव्या पट्टीचं वजन थेट बदलायला गेलात तर कंपायलर नाही म्हणतो. यादी तुम्हाला रेकॉर्डची प्रत काढून देते. प्रतीत बदल करून उपयोग नाही म्हणून तो अडवतो, आणि ते योग्यच आहे. पट्टी बाहेर काढायची, बदलायची, परत ठेवायची, असं करावं लागतं. डायनॅमिक अ‍ॅरेत मात्र खान्यातल्या फील्डला थेट हात लावता येतो. मुनीमजी दिवसभर वजन-भाव दुरुस्त करत असतात. मी अ‍ॅरेच ठेवला. ३.२ पासून अ‍ॅरेत मधे घालायला इन्सर्ट आणि काढायला डिलीट चालतात, त्यामुळे यादीची उणीव फारशी जाणवली नाही.

विकासातल्या आवृत्तीत आणखी एक सोय आहे. जेनेरिक फंक्शन बोलावताना स्पेशलाइझ आणि कोनी कंस न लिहिता फक्त किमती द्यायच्या, प्रकार कंपायलर ओळखतो. तिचा मोडस्विच वेगळा लावावा लागतो. दोन किमतींतली मोठी निवडणं यासारख्या लहान फंक्शनांना मी ती वापरली, ओळी खरंच वाचनीय झाल्या. तक्त्यांसाठी मात्र स्पेशलाइझ स्पष्ट लिहिणंच ठेवलं. कुठे कोणता अवतार निघतोय ते पाच वर्षांनी हा कोड उघडणाऱ्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. याच कारणाने, स्पेशलाइझ न लिहिण्याचा डेल्फी मोड न घेता ऑब्जेक्ट पास्कल मोड घेतला. प्रत्येक अवताराचा मशीन कोड वेगळा तयार होतो आणि फाइल थोडी मोठी होते, पण चार-पाच अवतारांत त्याची काळजी करण्यासारखं काही नाही.

दोन्ही कंपायलरची अट पाळायला एफपीसी फुलव्हर्जन हा कंपायलरच्या आवृत्तीचा क्रमांक देणारा मॅक्रो कामाला आला. ३.३.१ वर त्याची किंमत ३०३०१ असते. तेवढी किंवा जास्त असेल तर लांबी प्रकारात असलेला तक्ता, नसेल तर त्याच नावांच्या मेथडचा पण डायनॅमिक अ‍ॅरेवरचा तक्ता, ज्यात लांबी चालताना तपासली जाते. बाकीच्या कोडला यातला फरक कळत नाही. रेंज चेक, म्हणजे खान्याचा क्रमांक हद्दीत आहे का याच्या तपासण्या, दोन्हीकडे चालू ठेवले आहेत. गती थोडी कमी होते, पण पट्टी छापणाऱ्या प्रिंटरपेक्षा कोड कितीतरी वेगवानच राहतो. चाचणीच्या वेळी घेतलेली मेमरी परत सोडली का ते सांगणारा हीपट्रेसही लावतो, आणि शेवटी न सोडलेले ब्लॉक शून्य दिसले तरच ती फाइल दुकानात जाते.

नावं आता देवनागरीत टाकता येतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, त्यामुळे जुन्या २५ च्या खान्यात जेमतेम ८ चिन्हं बसली असती. नव्या फाइलसाठी नाव-गाव लांब स्ट्रिंगमध्ये घेतलं आणि साठवणीची पद्धतच बदलली. जुन्या ७२ बाइटच्या फाइली फक्त वाचण्यापुरत्या राहिल्या.

मालांची यादी मी एन्यूममध्ये, म्हणजे ठरावीक नावांच्या प्रकारात, ठेवली आहे: सोयाबीन, तूर, हरभरा, मूग, उडीद, ज्वारी. हमालीचा दर, बारदान्याची घट, पट्टीवर छापायचं नाव हे तीन स्थिर अ‍ॅरे त्याच एन्यूमवर चालतात. परवा मालकांनी करडई वाढवायला सांगितलं. एन्यूममध्ये तिचं नाव घातलं आणि कंपाइल केलं, तर तिन्ही अ‍ॅरे एकेक करून अडले, प्रत्येकात एक किंमत कमी म्हणून. नाव आणि बारदान्याची घट भरली. करडईच्या कट्ट्याला हमाली किती धरायची ते मुनीमजी हमालांच्या मुकादमाला विचारून सांगणार आहेत. तोपर्यंत ती आवृत्ती कंपाइल होत नाही, आणि दुकानात आधीचीच चालू आहे.